जांभळ्या डागांचा माग

सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या कॅस्ट्रो भागात एक औषधांचं दुकान होतं. १९८१ साल संपत आलं असताना त्या दुकानाच्या दर्शनी काचेवर काही फोटो लागले. फोटोत कातडीवरचे जांभळट डाग दिसत होते. रस्त्याने जाणाऱ्यांनी ते पाहावेत, घरी जाऊन आपलं अंग नीट तपासावं आणि तसा डाग आढळला तर वेळ न घालवता डॉक्टर गाठावा, एवढाच त्यामागचा हेतू.

फोटो लावणारा तरुण बॉबी कॅम्पबेल. वय २९, व्यवसायाने नर्स. फोटोतले डाग त्याचे स्वतःचेच होते. डोंगरात भटकून आल्यावर ते पायांवर दिसले, तेव्हा बूट चावला असेल असं त्याला वाटलं. पण बूट चावल्याचे फोड चार दिवसांत बसतात. हे बसेनात. ऑक्टोबरात निदान झालं, कापोसी सार्कोमा. रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींतून उद्भवणारा, कातडीवर आणि पुढे आतल्या अवयवांतही पसरणारा कॅन्सर. शहरातल्या बहुतेक डॉक्टरांनी तो तोवर फक्त पुस्तकात वाचलेला होता.

लोक आजार लपवत होते त्या काळात कॅम्पबेलने तो काचेवर चिकटवला. वर्तमानपत्रात तो आपल्या आजाराबद्दल सदर लिहू लागला. जून १९८३ मध्ये डेन्व्हर इथे आरोग्यविषयक परिषद भरली, तेव्हा तो आणि त्याच्यासारखेच काही आजारी लोक व्यासपीठाजवळ गेले आणि त्यांनी एक निवेदन मांडलं. आम्हाला बळी म्हणू नका, नेहमी रुग्णही म्हणू नका, आम्ही हा आजार घेऊन जगणारी माणसं आहोत, असा त्याचा आशय. आज आपल्या सरकारी कागदपत्रांतही ‘एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्ती’ असं लिहिलं जातं. त्या शब्दप्रयोगाचं मूळ डेन्व्हरच्या त्या निवेदनात आहे. १५ ऑगस्ट १९८४ रोजी कॅम्पबेल गेला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी.

एचआयव्हीच्या इतिहासाची सुरुवात आपण एका विषाणूपासून करतो. पण त्या विषाणूचा पत्ता लागला १९८३ मध्ये, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये. त्याआधी दोन वर्षं जगाला दिसत होते ते हे डाग आणि एक विचित्र न्यूमोनिया. न्यूयॉर्कमध्ये त्वचारोगतज्ज्ञ अल्विन फ्रिडमन-कीन यांच्याकडे १९८१ च्या सुरुवातीला तरुण पुरुष असे डाग घेऊन येऊ लागले. म्हातारपणात क्वचित होणारा आजार तिशीतल्या माणसांना कसा, म्हणून त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतले त्वचारोगतज्ज्ञ मार्कस कोनंट यांना फोन केला. रुग्ण तिथेही निघाले. ३ जुलै १९८१ च्या सरकारी साप्ताहिक अहवालात २६ रुग्णांची नोंद आली. २० न्यूयॉर्कचे, ६ कॅलिफोर्नियाचे, सगळे समलिंगी पुरुष. आठ जण दगावले होते. त्याच दिवशी न्यूयॉर्क टाइम्सने आतल्या पानावर बातमी दिली. तिच्या मथळ्यात आकडा ४१ होता आणि त्या माणसांची लैंगिक ओळखही होती.

आणि लोकांच्या तोंडी नाव बसलं, ‘गे कॅन्सर’.

या नावाने केलेलं नुकसान मोजता येत नाही. रोग कोणाला झाला हे कळताच तो का झाला हेही कळलं, असं लोक समजून बसले. शरीरात काय शिरलं आहे हे शोधायचं सोडून ही माणसं कशी राहतात याची उठाठेव सुरू झाली. सरकार ढिलं राहिलं, कारण मरणारे ‘तसले’ होते. पुढच्या चाळीस वर्षांत हीच चूक वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या माणसांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा झाली. आपल्याकडेही झाली. त्याकडे मी येणारच आहे.

आता थोडं मागे, व्हिएन्नाला.

१८७२ साली तिथल्या मोरित्झ कापोसी या त्वचारोगतज्ज्ञाने पाच रुग्णांची हकिगत छापली. हंगेरीतल्या कापोश्वार या गावी एका गरीब ज्यू घरात जन्मलेला हा माणूस. मूळ आडनाव कोन. पुढे त्याने गावाच्या नावावरून कापोसी हे आडनाव घेतलं. त्याचे गुरू आणि सासरे फर्डिनांड हेब्रा हे त्या काळातल्या त्वचारोगशास्त्रातलं मोठं नाव. कापोसीच्या रुग्णांच्या पायांवर आणि हातांवर गडद गाठी येत आणि वाढत जात. कारण सापडेना, म्हणून आजाराच्या लांबलचक नावातच त्याने ‘कारण अज्ञात’ अशा अर्थाचा शब्द घालून ठेवला. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. माहीत नाही ते माहीत नाही असं नावातच लिहून ठेवलं, कोणाच्या वागणुकीवर बोट ठेवलं नाही.

पुढची ऐंशी-नव्वद वर्षं हा आजार पाठ्यपुस्तकाच्या कोपऱ्यात पडून होता. भूमध्य समुद्राभोवतालच्या प्रदेशातले आणि पूर्व युरोपीय ज्यू वंशाचे म्हातारे पुरुष, एवढीच त्याची ओळख. पण युगांडा आणि काँगो भागात काम करणाऱ्या डॉक्टरांना वेगळंच दिसत होतं. तिथे हा कॅन्सर दुर्मीळ नव्हता, आणि लहान मुलांनाही होत होता. १९६१ मध्ये कंपालात खास याच आजारावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. एकाच आजाराचा नकाशा इतका असमान का? एखाद्या भागात दाट आणि शेजारी विरळ असं ज्याचं पसरणं, त्याच्या मुळाशी बहुधा संसर्ग असतो. ही शंका तिथे बोलली गेली, पण पुरावा कोणाकडे नव्हता.

त्याच कंपालात डेनिस बर्किट नावाचे आयरिश शल्यविशारद लहान मुलांच्या जबड्यात वाढणाऱ्या गाठींचा अभ्यास करत होते. मार्च १९६१ मध्ये त्यांनी लंडनच्या एका रुग्णालयात त्यावर व्याख्यान दिलं. श्रोत्यांत अँथनी एपस्टाइन हे संशोधक बसले होते. या गाठींमागे विषाणू असणार असं त्यांना ऐकता ऐकताच वाटलं. मग कंपालाहून विमानाने गाठींचे तुकडे लंडनला येऊ लागले. दोन वर्षं काही हाती लागलं नाही. १९६३ च्या डिसेंबरात धुक्यामुळे विमान मँचेस्टरकडे वळवावं लागलं आणि नमुना उशिरा पोचला. तुकडा ज्यात ठेवला होता ते पाणी गढूळ झालं होतं, टाकून देण्याजोगं वाटत होतं. पण ते सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर पेशी सुट्या होऊन जिवंत तरंगताना दिसल्या. त्या पेशी वाढवता आल्या आणि १९६४ मध्ये एपस्टाइन, अचोंग आणि इव्होन बार यांनी त्यांत एक नवा विषाणू दाखवला. आज त्याला एपस्टाइन-बार विषाणू म्हणतात. माणसात कॅन्सर घडवणारा हा पहिला ओळखला गेलेला विषाणू. जगातल्या बहुतेक प्रौढांच्या अंगात तो गपगुमान पडून असतो. प्रतिकारशक्ती पहाऱ्यावर असते तोवर तो काही करत नाही. पहारा उठला की मात्र त्याच्यामुळे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, म्हणजे लिम्फोमा, होऊ शकतो.

पहारा उठला म्हणजे काय, याचा पहिला धडा एड्सच्या आधीच मिळाला होता. १९६०-७० च्या दशकांत किडनी बदलण्याच्या शस्त्रक्रिया रुळल्या. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागतात. अशा रुग्णांत लिम्फोमा दिसू लागले, आणि काहींच्या अंगावर कापोसीचे ते जांभळे डागही. औषधांची मात्रा कमी केली की काहींचे डाग आपोआप फिके पडत. म्हणजे १९८१ च्या जुलैत न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांसमोर सगळे धागे टेबलावर होते. युगांडातला नकाशा, प्रत्यारोपणाच्या रुग्णांचा अनुभव, एपस्टाइनचा विषाणू. ते एकत्र बांधायला आणखी तेरा वर्षं लागली.

त्या तेरा वर्षांतली बरीच शक्ती ‘पॉपर्स’ने खाल्ली. पॉपर्स म्हणजे हुंगायची नायट्राइटयुक्त द्रव्यं. समलिंगी पुरुषांच्या क्लबांमध्ये ती सर्रास वापरात होती. डाग यांच्यामुळेच येतात, असा तर्क निघाला. एचआयव्ही सापडल्यावरही तो तर्क मागे पडला नाही. कारण एक कोडं शिल्लक होतं. एचआयव्ही झालेल्या सगळ्यांनाच डाग येत नव्हते.

हे कोडं ज्या पद्धतीने फोडलं गेलं, ती मला या सगळ्या कहाणीतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. ऑक्सफर्डमधल्या व्हॅलेरी बेराल या साथरोगतज्ज्ञ आणि त्यांचे अमेरिकी सहकारी यांनी अमेरिकेतल्या एड्सच्या सुमारे ९१ हजार रुग्णांच्या नोंदी घेतल्या आणि १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडला. एड्स झालेल्यांना कापोसी सार्कोमा होण्याचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या किमान २० हजार पट होतं. इतर कारणांनी प्रतिकारशक्ती दबलेल्यांच्या तुलनेतही ते ३०० पट होतं. पण खरी खूण पुढे होती. समलिंगी व उभयलैंगिक पुरुषांत हा कॅन्सर २१ टक्क्यांना झालेला, आणि रक्त न गोठण्याच्या आजारासाठी रक्तघटक घेताना ज्यांना एचआयव्ही झाला, त्यांच्यात अवघा १ टक्का. दोघांच्याही अंगात एचआयव्ही तोच. पहारा दोघांचाही उठलेला. मग फरक कशाचा? बेराल यांनी म्हटलं, दुसरं काहीतरी आहे, आणि ते लैंगिक संबंधांतून पसरतं. प्रयोगशाळेत पाऊल न टाकता, निव्वळ नोंदी जुळवून, न पाहिलेल्या विषाणूची जागा त्यांनी नेमकी दाखवून दिली.

तिथे जाऊन पाहिलं ते एका जोडप्याने. युआन चँग या मेंदूच्या ऊतींच्या अभ्यासक, पॅट्रिक मूर हे साथरोगतज्ज्ञ. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात चँग यांना नवी नोकरी आणि प्रयोगशाळेची जागा मिळालेली. एकाच माणसाच्या दोन ऊती घ्यायच्या, डाग असलेली आणि निरोगी, आणि दोन्हींतले डीएनए एकमेकांतून वजा करायचे. उरेल ते परकं, अशी एक नवी पद्धत नुकतीच निघाली होती. तिने त्यांना एका अनोळखी विषाणूचे दोन तुकडे मिळाले. एड्सच्या रुग्णांच्या कापोसी गाठी तपासल्या, तर ९० टक्क्यांहून अधिक गाठींत ते होते. डिसेंबर १९९४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात शोध छापून आला. कापोसीने ‘कारण अज्ञात’ लिहून ठेवल्याला तेव्हा १२२ वर्षं झाली होती.

विषाणू नागिणीच्या विषाणूच्या कुळातला निघाला, माणसात सापडलेला त्या कुळातला आठवा. तो लाळेतूनही पसरतो हे पुढे समजलं आणि युगांडातल्या मुलांचं कोडंही सुटलं. आईच्या, भावंडांच्या सहवासात तो लहानपणीच अंगात येत होता. एचआयव्हीची साथ आल्यावर तिथे कापोसी सार्कोमा हा पुरुषांमधला सर्वांत मोठा कॅन्सर का झाला, याचंही उत्तर त्यातच होतं. कंपालातल्या शेतकऱ्याचा आणि कॅस्ट्रोतल्या नर्सचा आजार एकच होता. तो त्यांच्या वागण्याचा दंड नव्हता. एका विषाणूने दार उघडलं आणि आधीच घरात असलेल्या दुसऱ्याने घर पेटवलं, इतकंच घडलं होतं.

पण ज्या दाराकडे त्या सगळ्या वर्षांत कोणी पाहिलंच नव्हतं, ते बायकांचं.

अमेरिकेत एड्सची सरकारी व्याख्या पुरुषांचे आजार पाहून लिहिली गेली होती. एचआयव्ही असलेल्या स्त्रीला गर्भाशयमुखाचा कॅन्सर झाला, तर ती त्या व्याख्येत बसत नसे. व्याख्येत नाही म्हणून आर्थिक मदत नाही, औषधांच्या चाचण्यांत जागा नाही, आकडेवारीत नोंद नाही. याविरुद्ध उठलेल्या बायकांत कॅटरिना हॅस्लिप होत्या. न्यूयॉर्क राज्यातल्या तुरुंगात शिक्षा भोगत असतानाच त्यांनी इतर कैदी स्त्रियांसाठी एचआयव्हीविषयी मदतगट उभा करायला हातभार लावला आणि बाहेर आल्यावर सरकारच्या दारात उभ्या राहिल्या. १ जानेवारी १९९३ पासून नवी व्याख्या लागू झाली आणि तीत गर्भाशयमुखाचा कॅन्सर आला. हॅस्लिप आदल्याच महिन्यात वारल्या होत्या.

या कॅन्सरचं कारण तोवर माहीत झालेलं होतं. जर्मनीच्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८३-८४ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये मानवी पॅपिलोमा विषाणूचे १६ आणि १८ हे प्रकार दाखवले. हाच तो एचपीव्ही. लैंगिक आयुष्य सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी होतो, आणि निरोगी शरीर दोनेक वर्षांत त्याला हुसकून लावतं. एचआयव्हीने पहारा ढिला केला की तो मुक्काम ठोकतो. एरवी त्या मुक्कामापासून कॅन्सरपर्यंत पंधरा-वीस वर्षं जातात. उपचार न मिळालेल्या एचआयव्हीत पाच-दहा वर्षांतच मजल गाठली जाते. एचआयव्ही असलेल्या स्त्रीला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका सुमारे सहा पट असतो. २००८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल अर्धं त्सूर हाउझेन यांना मिळालं आणि उरलेलं अर्धं एचआयव्ही शोधणाऱ्या फ्रान्स्वाज बारे-सिनुसी व ल्यूक माँतान्ये यांना. एका वर्षीच्या एका पारितोषिकात हे दोन्ही विषाणू शेजारी शेजारी बसले. दवाखान्यांत मात्र त्यांचे विभाग वेगळे, कागद वेगळे, आणि बाई एकच. हे अंतर आजही पुरतं मिटलेलं नाही.

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला तो १९८६ मध्ये, मद्रासला. त्या शोधामागच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक डॉ. सुनीती सॉलोमन. हे नाव ऐकून लक्षात येत नाही, पण त्या माहेरच्या गायतोंडे. मद्रासला चामड्याच्या व्यापारासाठी स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. त्यांची विद्यार्थिनी निर्मला सेल्लप्पन हिने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले आणि त्यांतले सहा एचआयव्हीबाधित निघाले. सॉलोमन यांनी पुढे वडिलांच्या नावाने, वाय. आर. गायतोंडे यांच्या नावाने, उपचार आणि संशोधनाचं केंद्र काढलं आणि २०१५ मध्ये जाईपर्यंत हेच काम केलं.

पण ‘तसल्या बायकांचा रोग’ हे लेबल तोवर चिकटलं होतं. अमेरिकेतली चूक, माणसं फक्त बदललेली. ती खोडून काढणारा एक ठोस पुरावा पुण्यातून आला. गुप्तरोगांच्या दवाखान्यांत १९९३ ते १९९६ या काळात आलेल्या स्त्रियांचा अभ्यास डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. कोविडच्या दिवसांत रोज संध्याकाळी टीव्हीवर दिसत ते हेच गंगाखेडकर. देहविक्रय न करणाऱ्या स्त्रियांमध्येही १३.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. त्यांतल्या बहुतेक लग्न झालेल्या, नवऱ्याखेरीज कोणाशी संबंध नसलेल्या. त्यांच्या बाबतीत धोक्याचं कारण एकच होतं, लग्न.

आणि मुंबईत, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात, २००१ ते २००५ या काळात नोंदल्या गेलेल्या एचआयव्हीबाधित कॅन्सररुग्णांचा लेखाजोखा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण २५१ माणसं. तो अभ्यास वाचताना पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती गैरहजेरीची. कापोसी सार्कोमा एकालाही नाही. न्यूयॉर्कमध्ये ज्या कॅन्सरवरून एड्स ओळखला गेला, तो इथे नव्हताच. चँग आणि मूर यांना सापडलेला आठवा विषाणू आपल्या लोकसंख्येत फार कमी आढळतो. जे पेटायचं तेच घरात नव्हतं. त्याऐवजी पुरुषांमध्ये लिम्फोमा होते, गुदद्वाराचे कॅन्सर नेहमीपेक्षा अधिक होते, आणि बायकांमध्ये एचआयव्हीशी बांधलेला मोठा कॅन्सर गर्भाशयमुखाचा. आपल्या आया-मावश्या ज्याला ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात, तो.

म्हणजे एचआयव्ही सगळीकडे सारखाच असला, तरी त्याच्या मागोमाग कोणता कॅन्सर येणार हे ठरवतात त्या त्या जागचे जुने रहिवासी. युगांडात कापोसीचा विषाणू, आपल्याकडे एचपीव्ही, आणि जिथे कावीळ बी किंवा सी पसरलेली असेल तिथे यकृताचा कॅन्सर.

१९९६ मध्ये तीन औषधांची एकत्र उपचारपद्धती आली आणि श्रीमंत देशांत कापोसीचे डाग बघता बघता ओसरले. पहारेकरी परतले होते. गरीब देशांसाठी ती औषधं अशक्य होती. माणशी वर्षाला दहा-बारा हजार डॉलर कोण देणार? फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीन औषधांचं मिश्रण वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एक डॉलरहून कमी दरात, देऊ केलं. आफ्रिकेतल्या लाखो लोकांचे प्राण त्या निर्णयाने वाचले. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून मोफत एआरटी (एचआयव्हीवरची ही उपचारपद्धती) सुरू केली, पहिल्या राज्यांत महाराष्ट्रही होता. तरी बराच काळ प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशी खूप खाली गेल्याखेरीज गोळ्या सुरू होत नसत. २०१५ मध्ये ‘स्टार्ट’ या बहुराष्ट्रीय चाचणीने तो नियम मोडीत काढला. ३५ देशांतल्या ४,६८५ माणसांत, पेशी चांगल्या असतानाच गोळ्या सुरू केलेल्या गटात १४ जणांना कॅन्सर झाला, गोळ्या लांबणीवर टाकलेल्या गटात ३९ जणांना. २०१७ पासून भारतातही निदान होताच गोळ्या सुरू होतात.

गोळ्यांनी माणसं जगली, पन्नाशी-साठी पाहू लागली. आणि मग ज्या कारणाने कोणालाही कॅन्सर होतो, त्याने यांनाही गाठलं. डेन्मार्कमधल्या नोंदींवरून २०१३ मध्ये दिसलं की उपचार नीट मिळत असलेल्या एचआयव्हीबाधित धूम्रपान करणाऱ्यांची सरासरी पाच वर्षं एचआयव्हीने हिरावली, आणि बारा वर्षं सिगारेटने. अमेरिकेतल्या एका हिशेबानुसार, गोळ्या नेमाने घेणारा पण सिगारेट न सोडणारा एचआयव्हीबाधित माणूस एड्सपेक्षा फुप्फुसाच्या कॅन्सरने मरण्याची शक्यता सहा ते तेरा पट आहे. आपल्याकडे सिगारेटच्या जागी विडी, मळलेली तंबाखू, मिश्री ठेवा. गोळ्यांच्या वेळा चुकू नयेत म्हणून मोबाइलला गजर लावणारी माणसं त्याच हाताने पुडी फोडतात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. गोळ्या देणाऱ्या खिडकीवर तंबाखूबद्दल किती वेळा विचारलं जातं, हा खरा प्रश्न आहे.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबाबत तर जगाला उत्तर देणारा अभ्यास मराठवाड्यातच झाला. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत, १९९९ पासून, बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या आणि टाटाच्या मदतीने, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायकांवर. आयुष्यात एकदा एचपीव्हीची तपासणी केली आणि आढळलं त्यावर उपचार केले, तर या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये सिद्ध झालं. ज्या गावांत तुलनेसाठी तपासणी केली गेली नाही, तिथल्या बायकाही त्या काळात दगावल्या, आणि त्यावर पुढे कडक आक्षेप घेतले गेले. ते आक्षेप मला रास्त वाटतात. म्हणूनच त्या बायकांनी मोजलेली किंमत वाया जाऊ देणं अधिकच अन्यायाचं आहे.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाच्याच डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या पथकाने त्याहून सोपी वाट दाखवली. प्रशिक्षित आरोग्यसेविकेने गर्भाशयमुखावर पातळ व्हिनेगर लावायचं आणि एक मिनिट पाहायचं, पांढरा डाग उठला तर पुढची तपासणी. एवढ्याने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. जागतिक आरोग्य संघटना आता सांगते की एचआयव्ही असलेल्या स्त्रीची एचपीव्ही तपासणी वयाच्या पंचविशीपासून सुरू करावी आणि दर तीन ते पाच वर्षांनी करावी. एचपीव्हीची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. आजच्या एआरटीच्या गोळीतली दोन औषधं कावीळ बीलाही आवरून धरतात. आणि गुदद्वाराच्या कॅन्सरबाबत २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ४,४४६ एचआयव्हीबाधितांच्या चाचणीत दिसलं की कॅन्सरपूर्व बदल आधीच काढून टाकले तर धोका निम्म्याहून अधिक उतरतो.

बॉबी कॅम्पबेलकडे दुकानाची काच होती, इलाज नव्हता. आपल्याकडे इलाज आहे. तुमच्या घरातली, शेजारची, ओळखीची कोणी ताई दर महिन्याला एआरटी सेंटरवर गोळ्या आणायला जात असेल, तर तिला आवाज खाली न आणता विचारा, ‘पिशवीच्या तोंडाची तपासणी झाली का?’ नसेल झाली, तर पुढच्या खेपेला सेंटरमधल्या समुपदेशकाकडे ती मागायला सांगा, आणि एकटीला जायला अवघड वाटत असेल तर तिच्यासोबत जा. कुठे जायचं हे कळत नसेल तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तो मोफत आहे.